हातभर पुढे

हिल्ये बाउकाम्पनं पवनचक्कीची पाती पहिल्याच प्रयत्नात हव्या त्या जागी थांबवली, असं तीन वर्षांत एकदाच घडलं. एप्रिलमधला शनिवार होता आणि सकाळचे आठ वाजून अडतीस मिनिटं झाली होती. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण दोनच मिनिटांनी तिचा फोन वाजला आणि फोनमध्ये वेळेची नोंद राहते. ती नोंद पुढे तिनं पुसून टाकली. उपयोग झाला नाही.

मेंकेवर्डच्या आसपासची जमीन पोळपाटासारखी सपाट आहे. चक्की शेतातून दिसते, शाळेतून दिसते, पलीकडच्या दोन गावांतूनही दिसते. ती दळत नसते तेव्हाही काही तरी सांगत असते, आणि काय सांगते आहे हे इथलं शेंबडं पोरही वाचू शकतं. पाती एकाच दिशेनं फिरतात. खालचं पातं उभ्या रेषेवर यायच्या हातभर आधी थांबवलं, तर घरात आनंद आहे: लग्न, बाळ, कुणाची साठी. रेष ओलांडून हातभर पुढे थांबवलं, तर कुणी तरी गेलं. येणारं पातं आनंदाचं आणि गेलेलं पातं शोकाचं. दोन्हींत फरक फक्त दोन हातांचा.

आणि हिल्येचा दोष असा, की ती ब्रेकचा दोर नेहमी उशिरा ओढायची. बावन्न वर्षांची बाई. आठवडाभर शहरातल्या दाताच्या दवाखान्यात लोकांना वेळा देणार, तिथे मिनिटाचीही चूक नाही. पण शनिवारी चक्कीच्या सज्ज्यावर उभी राहिली, की दोर हातात घेऊन पात्यांकडे बघत राहायची आणि पातं रेषेच्या पलीकडे जायचं. मग खालून यान्नेस ओम्केन्सचा आवाज यायचा.

"हिल्ये! आज कोण गेलं गं?"

यान्नेस त्र्याऐंशी वर्षांचा. एक्केचाळीस वर्षं ती चक्की त्यानं चालवली होती, त्याआधी त्याच्या बापानं. गुडघे गेल्यावर त्यानं सज्ज्यावर चढणं सोडलं आणि हिल्येला खालून, काठी टेकून, शिकवायला सुरुवात केली. "पोरी, दर शनिवारी एक माणूस मारतेस तू. गावात शिल्लक कोण राहणार? दळण कुणासाठी दळायचं?" लोक हसायचे. हिल्येही हसायची, पण घरी जाताना सायकलवर तिचा चेहरा तापलेला असायचा.

चक्कीवालीच्या परीक्षेला ती दोनदा नापास झाली. दोन्ही वेळा परीक्षकांनी गुरूचं मत विचारलं आणि दोन्ही वेळा यान्नेसनं एकच सांगितलं: "हिला वारा कळतो, दाणा कळतो. ब्रेक कळत नाही." चक्की चालवण्याची विद्या जगाच्या वारशाच्या यादीत गेल्यापासून राजधानीतून माणसं येत, छायाचित्रं काढत, यान्नेसला 'परंपरेचे वाहक' म्हणत. तो म्हणायचा, "यादीत नाव लागलं ना, आता तरी वेळेवर ओढा म्हणावं."

तिसऱ्या वेळी, त्या शनिवारच्या आधीच्या गुरुवारी, ती पास झाली. तिनं लगेच त्याला फोन केला.

"झालीस? बरं," यान्नेस म्हणाला. "परीक्षकांची नजर कमी झाली असेल. वयच झालंय त्यांचं."

मग फोन त्याच्या बायकोनं हिसकावला असावा, कारण पुढचा आवाज फ्राउकेचा होता. तिला धाप लागत होती. हिवाळ्यापासून तिचं हृदय कुरकुरत होतं. "त्याच्या तोंडाकडे बघू नकोस गं. तुझी परीक्षा म्हणून कालपासून दुर्बीण पुसत बसलाय, जसं काही तिकडचं त्याला इथून दिसणार होतं. शनिवारी पताका लाव. मोठ्या पेटीत आहेत, तळाशी. माझ्या हातच्या आहेत, आमच्या पन्नासाव्या वाढदिवसाला शिवल्या होत्या, लग्नाच्या. मी खिडकीतून बघेन."

तीन वर्षं दर शनिवारी मोहरीच्या सुपाचा थर्मास फ्राउकेकडून यायचा. यान्नेसनं सकाळी कितीही टोचून बोललेलं असो, दुपारी सूप यायचंच.

तर त्या शनिवारी नैर्ऋत्येचा मऊ वारा होता. हिल्येनं दहा मिनिटं पाती फिरू दिली, मग दोर ओढला, आणि पातं रेषेच्या हातभर आधी येऊन उभं राहिलं. जणू मोजून. ती सज्ज्यावर एकटीच मोठ्यानं हसली. कालव्यापलीकडे तीनशे मीटरवर यान्नेसचं घर, स्वयंपाकघराची खिडकी चक्कीच्या समोर. 'बघ म्हणावं,' ती मनात म्हणाली आणि पताका बांधायला लागली.

आठ चाळीसला एप्रनच्या खिशात फोन वाजला. तिनं काढून बघितला. 'यान्नेस, घर.'

आता काय? पताका वाकडी आहे. दोर सैल आहे. हातभर म्हणजे माझा हात, तुझा नाही. तिला त्याचा आवाज न उचलताच ऐकू आला. तिनं फोन खिशात टाकला. आठ सत्तेचाळीसला पुन्हा वाजला, तिनं पुन्हा बघितला, पुन्हा टाकला. आठ बावन्नला तिसऱ्यांदा वाजला तेव्हा तिनं तो बंदच केला.

"एक दिवस," ती वाऱ्याला म्हणाली. "एक दिवस तरी गप्प बसा."

अकरा वाजता खाली टेबल मांडलं, कॉफी ठेवली, सफरचंदाचे दोन मोठे केक कापले. पन्नासेक माणसं येतील असा अंदाज होता. आली सात, आणि तीही परगावची. साप्ताहिकाचा छायाचित्रकार आला, त्यानं तिला पताकांखाली उभं केलं. "हसा." ती हसली. गावातली ओळखीची माणसं रस्त्यानं सायकलवरून जात होती. वर चक्कीकडे बघत, मग तिच्याकडे, आणि मान खाली घालून पुढे जात. एकजण थांबल्यासारखा झाला, पण थांबला नाही. हिल्येला वाटलं, जळतात. दोनदा नापास झाली तेव्हा सगळे चौकशीला आले होते, पास झाल्यावर कुणी नाही. हा विचार आपण केला होता, हे तिला पुढे फोनपेक्षाही जास्त सलायचं.

सव्वा वाजता विया टॉक्सोपेउस आली. ती ओम्केन्सांची भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. मेंकेवर्डला कुणी गेलं, की सख्ख्या शेजाऱ्यानं घरोघर जाऊन सांगायचं असतं. पत्र नाही, फोन नाही, दारात उभं राहून. विया काळ्या कोटात होती, केस वाऱ्यानं विस्कटलेले.

"हे काय गं?" ती वर बघत म्हणाली. "अजून उतरवलं नाहीस?"

"काय उतरवायचं? पास झाले ना मी. केक घे."

"हिल्ये." वियानं तिचं मनगट धरलं. "फ्राउके गेली. सकाळी आठला. मी साडेनवापासून दारं हिंडतेय, बासष्ट घरं झाली. चक्की माझ्या यादीत नव्हती. यान्नेस म्हणाला, चक्कीला मी स्वतः कळवतो. चक्कीला सगळ्यांच्या आधी कळवायचं असतं ना. तुला फोन आला नाही?"

"नाही," हिल्ये म्हणाली.

हा एक शब्द तिनं विचार करून उच्चारला नव्हता. पण पुढचं वाक्य विचार करून उच्चारलं.

"फोन पिशवीत राहिला, खाली. मी वर होते."

"तरीच," विया म्हणाली, आणि तिचा चेहरा सैल झाला. "मी म्हटलंच, आपली हिल्ये असं करणार नाही."

हिल्ये शिडीवरून वर धावली. पताकांच्या गाठी सुटेनात तेव्हा तिनं चाकूनं कापल्या. फ्राउकेनं जुन्या उशांच्या अभ्र्यांच्या शिवलेल्या पताका, टाक्याला टाका लागलेला. त्या सज्ज्यावर ढिगानं पडल्या. मग तिनं ब्रेक सैल केला, पातं रेष ओलांडून पुढे गेलं आणि तिथे थांबलं. या सगळ्याला चार मिनिटं लागली. चार मिनिटांचं काम साडेचार तास झालं नव्हतं. आणि त्या साडेचार तासांत, घरात बायको गेलेली असताना, यान्नेससमोर त्याची स्वतःची चक्की आनंद करत उभी होती.

रविवारी गावानं हिल्येला माफ केलं. म्हणजे माफ करण्यासारखं काही नाहीच, असं ठरवलं. वियानं आदल्या दिवशी ज्या ज्या दारात निरोप सांगितला होता, तिथे तिथे परत जाऊन तेही सांगितलं: पोरीला माहीत नव्हतं, फोन पिशवीत होता. बेकरीत पाव घेताना बेकरीवाली म्हणाली, "मनाला लावून घेऊ नकोस बाई. फ्राउकेला आवडल्याच असत्या पताका." चर्चच्या दारात कुणी तरी तिच्या खांद्यावर थोपटलं. घरी आली तर पायरीवर कुणी तरी मटाराच्या सुपाचं भांडं ठेवलेलं होतं, वर चिठ्ठी: 'तुझा दोष नाही.' तिनं ते सूप गरम केलं, वाडग्यात वाढलं आणि त्याच्यासमोर बसून राहिली. साय धरली तरी चमचा बुडवला नाही.

दुपारी तीन वाजता ती ओम्केन्सांकडे गेली. पुढच्या खोलीत फ्राउके निळ्या पोशाखात होती, हात एकावर एक. हिल्ये तिच्याकडे फार वेळ बघू शकली नाही. यान्नेस स्वयंपाकघरात खिडकीशी खुर्चीवर बसला होता. खिडकीच्या कट्ट्यावर चष्म्याचं घर, रेडिओ आणि कातडी पेटीत घातलेली दुर्बीण.

"यान्नेस, मला काय बोलावं कळत नाही. फोन खाली पिशवीत होता. मला कळलं असतं तर—"

"हं," यान्नेस म्हणाला.

तो बाहेर बघत होता. पाती हातभर पुढे, शोकात, जशी हवी तशी उभी होती. हिल्ये वाट बघत राहिली, की तो काही तरी टोचून बोलेल. तो बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"गुरुवारी साडेदहाला निघू," तो शेवटी म्हणाला. "चक्की तिच्याबरोबर फिरव."

जुनी रीत होती. चक्कीच्या घरचं माणूस गेलं, की अंत्ययात्रा घरापासून कबरस्तानापर्यंत जाईतो चक्कीनं तोंड वळवत तिच्याकडे बघत राहायचं. पात्यांसकट सगळं डोकं फिरवायचं, मागच्या शेपटीला बांधलेला रहाट हातापायांनी ओढून. यान्नेसच्या बापासाठी ते शेवटचं झालं होतं, आणि तेव्हा रहाटावर तीन माणसं होती.

"मदतीला कुणाला घेऊ?"

"कुणाला नाही. एकटीनं."

बुधवारी साप्ताहिक आलं. तिसऱ्या पानावर हिल्ये पताकांखाली हसत होती, मागे चक्की आनंदात. मथळा होता: 'मेंकेवर्डला नवी चक्कीवाली.' सातव्या पानावर, काळ्या चौकटीत, फ्राउके ओम्केन्स, वय ऐंशी. दवाखान्यात हिल्येच्या सोबतिणीनं तिसरं पान भिंतीला चिकटवलं होतं. हिल्येनं ते काढलं. "अगं राहू दे की, छान आलाय फोटो," सोबतीण म्हणाली. हिल्येनं घडी घालून ते खिशात ठेवलं, संध्याकाळी पाचला सुटली आणि घरी न जाता कालव्याच्या रस्त्यानं यान्नेसकडे गेली.

तो बटाटे सोलत होता. एका माणसाचे बटाटे किती, हे त्याला अजून जमलं नव्हतं. भांड्यात आठ होते.

"बस," तो म्हणाला.

ती बसली नाही. "यान्नेस, फोन पिशवीत नव्हता."

"ठाऊक आहे. एप्रनच्या उजव्या खिशात होता."

हिल्येची नजर कट्ट्यावर गेली. दुर्बीण आज पेटीबाहेर होती.

"बघत होतो मी," यान्नेस म्हणाला. सोलणं थांबलं नव्हतं. "एका हातात फोन, एका हातात दुर्बीण. तू काढलास, बघितलास, इकडे खिडकीकडे बघितलंस, ठेवलास. म्हटलं, हात गुंतलेत पोरीचे. दुसऱ्यांदा केला. तिसऱ्यांदा तू अंगठ्यानं दाबून धरलास, बंद होईपर्यंत. त्याला वेळ लागतो, नाही? मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागतो."

"मला वाटलं, तुम्ही पताकांवरून बोलणार."

"दुसरी पताका उलटी होतीच." त्यानं बटाट्याचा डोळा सुरीच्या टोकानं काढला. "पण त्यासाठी नव्हता केला."

रेडिओ बंद होता. कालव्यावरून एक बदक ओरडत गेलं.

"आणि पाती," तो म्हणाला. "एक्केचाळीस वर्षांत मीही इतकी नेमकी थांबवली नसतील. फ्राउके मागे खुर्चीत होती, गेलेली. मी तिला म्हटलं, बघ, जमलं तिला. म्हटलं आणि मग लक्षात आलं. तीन वर्षं दर शनिवारी चुकलीस. त्या दिवशी चुकली असतीस, तर बरोबर झालं असतं. मला तुला दोनच शब्द सांगायचे होते. हातभर पुढे. बस्स."

हिल्येला काही तरी म्हणायचं होतं, आणि जे तोंडातून निघालं ते हे:

"गावात कुणाला सांगितलंत?"

यान्नेसनं तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. रागानं नव्हे, ब्रेकच्या लाकडाला चीर गेली आहे का ते बघावं, तसं.

"ते तुझं आहे," तो म्हणाला. "बायकोच्या मढ्यावरून दुसऱ्यांच्या चुका वाटत फिरायला मी रिकामा नाही. उद्या दहाला वर जा. साखळ्यांना ग्रीस लाव."

गुरुवारी वारा पडलेला होता. हे बरं होतं. वारा असता तर चक्कीची पाठ त्याच्याकडे वळवणं जिवावरचं काम. हिल्येनं पाती साखळीनं जखडली आणि साडेदहाला चर्चची घंटा सुरू होताच रहाटाला हात घातला. काम सांगायला सोपं आहे. शेपटीवरल्या रहाटाची साखळी सज्ज्यावरच्या खुंटाला अडकवायची, रहाट फिरवून शेपूट खुंटापर्यंत ओढायची, साखळी सोडायची, पुढच्या खुंटाला अडकवायची. घरापासून कबरस्तानापर्यंत असे नऊ खुंट होतात. एका खुंटाला रहाटाच्या आऱ्यांवर सगळा भार टाकून, हातानं आणि पायानं, तीसेक वेळा.

तिसऱ्या खुंटापर्यंत ती यात्रेच्या बरोबर होती. शववाहिनी कालव्याच्या कडेनं माणसाच्या चालीनं येत होती, मागे यान्नेस काठी टेकत, त्याच्या मागे सत्तर-ऐंशी माणसं. चौथ्या खुंटाला तिचे तळवे सोलले. पाचव्याला गाडी पुलावर पोचली होती आणि चक्की अजून पाठीमागे, रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून होती. हिल्येनं मान वळवून बघितलं. आता सगळे पुढे निघून जातील, आणि फ्राउके दुसऱ्यांदा चक्कीशिवाय जाईल.

यान्नेसनं काठी उचलून शववाहिनीच्या काचेवर टेकवली. गाडी थांबली.

सगळी माणसं पुलावर थांबली, काळे कोट घालून, तोंडं वर करून. सज्ज्यावर एकटी बाई रहाटाशी झटत होती आणि सगळं गाव तिच्याकडे बघत उभं होतं. साखळीचा खडखडाट कालव्यापार ऐकू जात असावा. दोन पुरुष घोळक्यातून निघून चक्कीकडे धावले. हिल्येनं बघितलं, यान्नेसची काठी आडवी झाली आणि ते परत फिरले. चक्कीचं तोंड पुलाकडे वळायला सहा मिनिटं लागली. मग काठी खाली आली आणि गाडी हलली.

सातव्या खुंटाला पुन्हा थांबले. आठव्याला पुन्हा. दर वेळी सगळे चक्की वळायची वाट बघत, आणि दर वेळी हिल्येला वाटे, आता खाली बसावं, या फळ्यांवर, म्हणजे निदान कुणाला दिसणार नाही. पण चक्कीवरून माणूस लपू शकत नाही. नवव्या खुंटाला साखळी बसली तेव्हा पाती कबरस्तानाच्या फाटकाकडे बघत होती आणि यात्रा आत जात होती.

नंतर गावच्या सभागृहात कॉफी होती आणि लोणी लावलेला मनुकांचा पाव. हिल्ये हात रुमालात गुंडाळून मागच्या दारानं आली. वियानं तिला बघितलं आणि शेजारची खुर्ची ओढली.

"बस इथे. बघू हात. अरे देवा!" तिनं रुमाल उलगडला आणि तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. मग टेबलापलीकडे बसलेल्या यान्नेसला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्हाताऱ्याचा हट्ट नुसता! तिघांचं काम एकीला. शिक्षा दिल्यासारखं. आणि कशाबद्दल? बिचारीला माहीतसुद्धा नव्हतं."

टेबलाभोवतीच्या माना डोलल्या. यान्नेस कॉफी ढवळत होता. तो कॉफीत साखर घेत नाही.

हिल्येला वाटलं, गप्प बसलं तर हे असंच राहील. सूप येत राहील, खांद्यावर हात येत राहतील, आणि पलीकडे तो कॉफी ढवळत राहील, मरेपर्यंत, एक शब्द न काढता.

"माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?"

"फ्राउके गेल्याचं नाही. फोन आल्याचं. तीनदा आला. प्रत्येक वेळी नाव बघितलं. तिसऱ्यांदा बंद केला. मला वाटलं, हे कटकट करणार. पिशवीत नव्हता, विया. तुला खोटं सांगितलं."

बोलणी आधी या टेबलाची थांबली, मग शेजारच्या. वियानं हिल्येच्या हाताकडे बघितलं. मग तो हळूच टेबलावर ठेवला, जशी दुसऱ्याची वस्तू ठेवतात, आणि आपले हात मांडीवर घेतले.

"मी बासष्ट घरी जाऊन सांगितलं," ती म्हणाली. "दोनदा गेले. एकदा फ्राउकेसाठी आणि एकदा तुझ्यासाठी. माझ्या तोंडानं सांगितलं, पोरीला माहीत नव्हतं." तिचा आवाज चढला नव्हता, पण गालांवर लाल डाग उमटले होते. "आता काय करू? पुन्हा हिंडू?"

"नाही," हिल्ये म्हणाली. "मी जाते."

"बासष्ट घरं?"

"बासष्ट."

यान्नेसनं चमचा बशीत ठेवला.

"बेकरीपासून सुरू कर," तो म्हणाला. "पुढच्या साठ घरांना तू पोचायच्या आत कळलेलं असेल."

एकजण हसला. विया हसली नाही. पावाची थाळी फिरत आली तेव्हा तिनं ती हिल्येसमोर न धरता तिच्यापुढून पलीकडे दिली.

हिल्येनं बेकरीपासूनच सुरुवात केली, त्याच दुपारी चार वाजता. दारात उभं राहायचं आणि तीन वाक्यं म्हणायची. चौथं, सबबीचं, तिनं जोडलं नाही. काही ठिकाणी आत या म्हणाले. काही ठिकाणी 'ठीक आहे' म्हणून दार लावलं. एका शेतकऱ्यानं विचारलं, "मग हे मला कशाला सांगतेस?" ज्या घरातून सूप आलं होतं तिथे ती धुतलेलं भांडं घेऊन गेली. बाईनं भांडं घेतलं, चिठ्ठीचा विषय काढला नाही. तिला वाटलं होतं, बासष्ट ठिकाणी वाटली की लाज थोडी थोडी कमी होईल. तशी ती होत नाही. वियाचं दार तिनं शेवटी ठेवलं होतं. विया म्हणाली, "मी ऐकलंय. माझ्याकडे परत सांगायला नको," आणि ओट्यावर उभी राहिली, हिल्ये जाईपर्यंत.

शनिवारी चांगला वारा होता. चक्कीवाल्याची बायको गेली, की वर्ष आणि सहा आठवडे चक्की थांबेल तेव्हा शोकातच थांबते. हिल्येनं दोन पोती गहू दळले, अकरा वाजता दोर हातात घेतला आणि पात्यांकडे बघत राहिली. दोर ओढला. पातं रेषेपुढे गेलं, हातभर गेलं, आणखी गेलं, आणि थांबलं तेव्हा दोन हात तरी पुढे होतं.

एप्रनच्या खिशात फोन वाजला. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिनं तो कानाला लावला. कालव्यापलीकडे खिडकीत काही चमकलं.

"ऐकतेय," ती म्हणाली.

"जास्त गेलं."

"हो."

"हातभर म्हटलं होतं."

"हो, यान्नेस."

पाती मागे घेता येत नाहीत. चूक झाली, की पूर्ण फेरा घेऊन पुन्हा तिथेच यावं लागतं. पलीकडून तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली. आज कोण गेलं, हे त्यानं विचारलं नाही. फोन त्यानं ठेवलाही नाही. हिल्येनं तो तसाच चालू खिशात सोडला आणि ब्रेक सैल केला.